मिठागरातले राखणदार

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याचे नाव महाराष्ट्राला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ठाऊक आहे. उन्हाळा सरत आलेला असताना अशा एखाद्या मिठागराच्या बांधावरून चालत गेले, तर पाण्याचा रंग वाफ्यागणिक बदलताना दिसतो. खाडीकडच्या वाफ्यांत तो खाडीसारखाच करडा-हिरवा असतो. पण पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडले जाते, ऊन ते आटवत राहते, आणि मीठ धरू लागलेल्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेतो त्याच्यावर फिकट गुलाबी झाक चढते. ही झाक सजीवांची असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि शेवटच्या वाफ्यात त्याच्या सात-आठ पटींहून अधिक. इतक्या खारात मासे जगत नाहीत, कोळंबी जगत नाही, एरवी जिवाणूंना खाऊन राहणारे एकपेशीय शिकारीही जवळजवळ नसतात. तग धरतात ते मुख्यतः आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. दिसायला जिवाणूंसारखे, पण वंशाने त्यांच्यापासून फार पूर्वी वेगळे झालेले, आणि अंगातल्या लालसर रंगद्रव्यामुळे पाण्याला रंग देणारे.

खाणारा कोणी उरला नाही म्हणजे हे जीव सुखात असतील, असे वाटणे साहजिक आहे. पण त्यांच्यासोबत विषाणूही त्या खाऱ्या पाण्यात टिकून असतात, आणि तिथे या जीवांना मारण्याचे काम प्रामुख्याने तेच करतात. खुल्या समुद्रातही चित्र फारसे वेगळे नाही. किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० लाख जिवाणू असतात आणि विषाणू सुमारे १ कोटी. समुद्राच्या वरच्या थरातल्या सूक्ष्मजीवांपैकी साधारण पाचवा हिस्सा रोज विषाणूंना बळी पडतो, असा अंदाज आहे. समुद्रात डुंबणाऱ्यांनी यामुळे घाबरण्याचे कारण नाही, कारण यांतले बहुतेक विषाणू फक्त सूक्ष्मजीवांवर जगतात आणि माणसाच्या पेशीत त्यांना शिरताच येत नाही. मात्र सूक्ष्मजीवांच्या बाजूने पाहिले तर हे युद्ध अखंड चालू आहे. त्यात ते टिकले कसे, हे समजून घेण्याजोगे आहे.

जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना फेज म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांचा शोध लावला. त्याआधी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे नोंदवून ठेवले होते. ते बहुधा फेजचेच काम असावे, असे आता मानले जाते. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा टी-४ हा फेज अनेकांनी चित्रात पाहिलेला असतो. वर डोके, खाली नळीसारखी शेपटी आणि कोळ्यासारखे सहा पाय. पाय जिवाणूच्या अंगावर टेकले, की शेपटी आकसते आणि डोक्यात भरलेला डीएनए पेशीत ढकलला जातो. कवच बाहेरच राहते. आत गेलेला डीएनए म्हणजे निव्वळ मजकूर असतो, पण पेशीची यंत्रणा तो आपलाच समजून वाचू लागते, आणि साधारण अर्ध्या तासात त्या पेशीत शंभर-दोनशे नवे फेज तयार होऊन ती फुटते.

महाविद्यालयात शिकवताना मी हे विद्यार्थ्यांना काचेच्या ताटलीत दाखवते. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगरचा थर ताटलीत ओतून त्यावर जिवाणू आणि थोडे फेज मिसळून पसरले, की दुसऱ्या दिवशी सगळीकडे जिवाणूंचा दुधट पडदा धरलेला असतो आणि त्यात मधे मधे, पावसाचे थेंब पडून भोके पडावीत तशी, स्वच्छ पारदर्शक वर्तुळे असतात. एकेका वर्तुळाच्या जागी एकेक फेज पडला आणि त्याच्या संततीने भोवतालचे जिवाणू फस्त केले, असा त्याचा अर्थ. ताटली तशीच आणखी एक-दोन दिवस ठेवली, तर त्या स्वच्छ वर्तुळांत कुठे कुठे मोहरीहून लहान ठिपके उगवतात. सगळे मेले त्या जागी हे कुठून आले, असा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात, आणि मला तो दर वर्षी तितकाच आवडतो.

त्या ठिपक्यांतले जिवाणू बहुधा दार बदललेले असतात. फेज कुठेही चिकटत नाही. जिवाणूच्या पृष्ठभागावरचे एखादे ठरावीक प्रथिनच त्याला लागते. काही कोटींत एखाद्या पेशीच्या जनुकात नकळत चूक झालेली असते आणि ते प्रथिन बिघडलेले किंवा नाहीसे झालेले असते. अशी पेशी वाचते. ही चूक फेज आल्यामुळे होत नाही, ती आधीच झालेली असते, हे साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये सुंदर प्रयोगाने सिद्ध केले. पण या उपायाला किंमत आहे. लॅम्डा नावाचा फेज ई. कोलायमध्ये ज्या दाराने शिरतो, त्याच दाराने ती पेशी माल्टोज ही साखर आत घेते. दार बंद केले तर शत्रू बाहेर राहतो आणि जेवणही. म्हणून बहुतेक सूक्ष्मजीव दार उघडे ठेवून आत पहारा बसवतात.

इथे खरी अडचण सुरू होते. शत्रूचा डीएनए नष्ट करणे अवघड नाही, डीएनए कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, पेशीत असतातच. अवघड आहे ती ओळख. पेशीचा डीएनए आणि विषाणूचा डीएनए एकाच चार अक्षरांत लिहिलेले असतात, आणि कापणाऱ्या विकराने चुकून घरचाच डीएनए कापला तर पेशी स्वतःच्या हातांनी मरते. आमच्याकडे गावात अनोळखी पोर दिसले, की ओसरीवर बसलेले म्हातारे माणूस पहिला प्रश्न विचारते, ‘कोणाचो रे तू?’ सूक्ष्मजीवांचे संरक्षण समजून घेताना मला हाच प्रश्न सतत आठवतो, कारण त्यांची प्रत्येक युक्ती म्हणजे या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक वेगळी रीत आहे.

सर्वांत आधी सापडलेली रीत खुणेची होती. १९५२-५३ मध्ये लुरिया आणि मेरी ह्यूमन यांना, आणि स्वतंत्रपणे ज्युसेप्पे बर्तानी आणि जीन वायगल यांना, एक कोडे पडले. जिवाणूच्या एका वाणात वाढवलेला फेज दुसऱ्या वाणावर सोडला, तर जवळजवळ सगळा वाया जातो. पण हजारो-लाखोंतला जो एखादा तिथे वाढतो, त्याची संतती त्या दुसऱ्या वाणात बिनधास्त वाढते. जनुके तीच राहून फेजची ‘सवय’ कशी बदलते, हे कळत नव्हते. जिनिव्हात वर्नर आर्बर यांनी १९६० च्या दशकात त्याची उकल केली. जिवाणूकडे दोन विकरांची जोडी असते. दोघेही डीएनएमधला एकच ठरावीक शब्द शोधतात. एक त्या शब्दावर मिथाइल गटाची बारीकशी खूण करते. दुसरे तोच शब्द खुणेवाचून दिसला तर तिथे डीएनए तोडते. ई. कोलायच्या एका वाणातले इको-आर-वन हे विकर ‘जीएएटीटीसी’ हा सहा अक्षरी शब्द शोधते. लॅम्डा फेजच्या ४८,५०२ अक्षरांच्या डीएनएत हा शब्द पाच ठिकाणी येतो, म्हणजे आत शिरताच त्याचे सहा तुकडे. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही तो शब्द शेकडो ठिकाणी असतो, पण त्या प्रत्येकावर खूण असते. पेशी दुभंगताना डीएनएची नवी साखळी कोरी असली, तरी जोडीच्या जुन्या साखळीवरची खूण तेवढा वेळ तिला वाचवते. आणि ते कोडे? एखाद्या फेजवर कापणाऱ्याच्या आधी खूण करणारे विकर पोचते, त्याला घरच्याची ओळख मिळते, आणि त्याच्या नव्या प्रती त्याच पेशीत खुणेसकट तयार होतात.

या विकरांनी पुढे जनुक अभियांत्रिकीचा पाया घातला आणि आर्बर, डॅनियल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळाले. मला मात्र त्याहून महत्त्वाचे हे वाटते, की जगाने ज्याला कात्री म्हणून वापरले, ते मुळात पहारेकऱ्याचे हत्यार होते.

आता पुन्हा मिठागराकडे यायला हवे, कारण दुसऱ्या मोठ्या शोधाचा एक धागा मिठागरातूनच निघतो. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर आलिकान्तेजवळ सांता पोला इथे मोठी मिठागरे आहेत. तिथल्या आर्कियांवर काम करणाऱ्या फ्रान्सिस्को मोहिका यांना त्यांच्या डीएनएत एक चमत्कारिक रचना आढळली, ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३० अक्षरांचा एकच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता, जणू भजनातले ध्रुवपद, आणि दर दोन ध्रुवपदांच्या मधे साधारण तेवढ्याच लांबीचे, पण प्रत्येक वेळी वेगळे कडवे. जपानमध्ये योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्ये ई. कोलायमध्ये असेच काही दिसले होते. सगळ्यांचे लक्ष ध्रुवपदाकडे होते. मोहिका यांनी कडव्यांकडे पाहायचे ठरवले, आणि माहीत असलेल्या डीएनए-मजकुरांशी ती ताडून पाहिली, तेव्हा ज्यांचा माग लागला ती बहुतांश विषाणूंची किंवा पेशीपेशींत फिरणाऱ्या परक्या डीएनएची निघाली. जो जिवाणू ज्या विषाणूचे कडवे बाळगून होता, त्याला तो विषाणू बाधत नव्हता. नावाजलेल्या नियतकालिकांनी नाकारल्यानंतर हा निबंध अखेर २००५ मध्ये छापून आला. त्याच वर्षी आणखी दोन गट याच निष्कर्षाला पोचले होते.

या रचनेला क्रिस्पर म्हणतात. पेशीने शत्रूंची नोंदवही ठेवावी, तसे तिचे काम चालते. विषाणूचा डीएनए आत आला आणि पेशी कशीबशी वाचली, तर त्या डीएनएतला तुकडा कापून दोन ध्रुवपदांमध्ये टाचला जातो. नवी नोंद नेहमी वहीच्या एकाच टोकाला होते, त्यामुळे ती वही वाचून त्या वंशावर कोणते हल्ले कोणत्या क्रमाने झाले हेसुद्धा बरेचसे सांगता येते. पुढे या नोंदींच्या आरएनए प्रती काढल्या जातात आणि कॅस नावाची प्रथिने एकेक प्रत हाती घेऊन पेशीत गस्त घालतात. जिथे मजकूर अक्षरशः जुळला, तिथे ती डीएनए कापतात. दही करणाऱ्या उद्योगातून याचा निर्विवाद पुरावा आला. विरजणातल्या जिवाणूंना फेज लागला तर टाकीभर दुधाचे दहीच लागत नाही, म्हणून डॅनिस्को या कंपनीतले रोडॉल्फ बारांगू आणि फिलिप होर्वाथ विरजणाचा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा जिवाणू तपासत होते. फेजच्या माऱ्यातून वाचलेल्या पेशींच्या वहीत त्याच फेजचे नवे तुकडे आलेले त्यांना दिसले. तुकडा काढून टाकला की संरक्षण जाई, घातला की परत येई. हे २००७ चे काम आहे.

विचारी वाचकाला इथे शंका येईल. शत्रूचा मजकूर जर वहीत जसाच्या तसा उतरवला आहे, तर गस्तीवरचे प्रथिन त्या वहीलाच का कापत नाही? इथेही ओळखीचाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फार देखणे आहे. अनेक क्रिस्पर प्रणालींत कापणारे प्रथिन मजकूर ताडण्याआधी त्याला लागून असलेली दोन-तीन अक्षरांची एक खूण पाहते. विषाणूच्या डीएनएत ती खूण तुकड्याशेजारी असते. वहीत उतरवून घेताना मात्र ती मागेच सोडलेली असते आणि तिच्या जागी ध्रुवपद येते. म्हणून नोंद सुरक्षित आणि शत्रू उघडा. हीच यंत्रणा हव्या त्या जागी डीएनए कापायला वापरता येते हे एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवले आणि त्यांना २०२० चे नोबेल मिळाले. तो भाग आता सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असते ते हे, की पेशी दुभंगली की वहीही वाटली जाते. आईने सोसलेल्या आजाराची प्रतिकारशक्ती लेकीला, नातीला, पणतीला जन्मतःच मिळते. आपल्यात पिढ्यान्पिढ्या असे होत नाही.

खूण आणि वही दोन्ही हरल्या तर? मग पेशी एक टोकाचा मार्ग घेते. आपण वाचणार नाही हे ठरल्यावर नवे फेज तयार होण्याआधीच ती मरते. एकट्या पेशीपुरते पाहिले तर हे निरर्थक वाटते, पण तिच्या आजूबाजूला तिच्याच बहिणी असतात, आणि अर्ध्या तासाने फुटून शंभर फेज त्यांच्यावर सोडण्यापेक्षा आत्ताच मेल्याने त्या वाचतात. या मरणाची कळ दाबायची कधी, हे ठरवणारी एक यंत्रणा मला विशेष थक्क करते. जिवाणूत सैल टोकांचा परका डीएनए खाऊन टाकणारे एक विकर असते. अनेक फेज आत येताच आधी त्या विकरालाच निकामी करतात. रेट्रॉन नावाची एक यंत्रणा, जी १९८४ मध्ये सापडली पण जिचे काम २०२० पर्यंत कळले नव्हते, तिचा एक प्रकार या विकरावर लक्ष ठेवून असतो. तो फेजला शोधत नाही. पहारेकरी पडला, एवढेच तो पाहतो, आणि पेशीचा शेवट करतो. ‘कोणाचो तू’ हे विचारायला वेळ नसला, तरी घराचे कुलूप तुटलेले दिसते.

हे पहारे एकेकटे विखुरलेले नसतात. जिवाणूंच्या डीएनएत संरक्षणाची जनुके बेटांसारखी एकत्र वसलेली असतात. या बेटांत ओळखीच्या जनुकांशेजारी जी अनोळखी जनुके आहेत, तीही पहारेकरीच असतील का, असा तर्क करून इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील रोटेम सोरेक यांच्या गटाने शोध घेतला आणि २०१८ मध्ये एकदम दहा नव्या यंत्रणा जाहीर केल्या. त्यांना नावे दिली ती जगभरच्या रक्षक देवतांची. स्लाव लोकांची झोर्या, जपानचा हाचिमान, मेसोपोटेमियाच्या वेशीवरचा लामासू. शिरोड्याला लागूनच आरवली आहे. तिथला वेतोबा रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि त्यात त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा असल्याने लोक त्याला मोठाल्या चामडी चपला वाहतात. ती नावे पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपला राखणदार त्या यादीत असावा असे मनापासून वाटले. आज अशा यंत्रणांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे, आणि त्यांतल्या काहींचे भाग आपल्या शरीरातही आहेत. आपल्या पेशीत केंद्रकाबाहेर, म्हणजे जिथे डीएनए असायला नको तिथे, तो दिसला की सीगॅस हे प्रथिन धोक्याची सूचना देते. त्याच कुळातले प्रथिन जिवाणूंत फेजविरुद्ध काम करते, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. कॉलऱ्याच्या जंतूतही ते आहे. प्रतिकारशक्तीची सुरुवात प्राण्यांत झाली, असे मीही पूर्वी शिकवत असे. आता तसे शिकवत नाही.

अर्थात विषाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. टी-४ फेज आपल्या डीएनएतले एक अक्षरच बदलून त्यावर साखरेचा लेप चढवतो, त्यामुळे कापणाऱ्या विकरांना शब्द ओळखता येत नाही; त्यावर काही जिवाणूंनी असा बदललेला डीएनएच शोधून कापणारी विकरे कमावली आहेत. क्रिस्परच्या प्रथिनांना जखडून ठेवणारी फेजची प्रथिने २०१३ मध्ये सापडली. त्याच वर्षी आलेला दुसरा शोध मला अधिक विलक्षण वाटतो. बांगलादेशातल्या कॉलऱ्याच्या रुग्णांकडून मिळणाऱ्या आयसीपी-१ या फेजला अडवणारा डीएनएचा एक फिरता तुकडा कॉलऱ्याच्या काही जंतूंत असतो. तो मोडून काढण्यासाठी आयसीपी-१ स्वतःच्या डीएनएत क्रिस्परची अख्खी यंत्रणा घेऊन येतो. जिवाणूंची वही फेजच्या हाती गेली आहे आणि तो तिच्यात जिवाणूच्या पहारेकऱ्याची नोंद ठेवतो.

मग प्रत्येक जिवाणू शंभरच्या शंभर यंत्रणा का बाळगत नाही? कारण पहारेकऱ्याला पोसावे लागते, तो कधी चुकून घरच्यांवरच उलटतो, आणि बाहेरून येणारा सगळाच डीएनए वाईट नसतो. नवे उपयोगी जनुकही त्याच वाटेने येते. म्हणून एकेका पेशीकडे मोजक्याच यंत्रणा असतात, आणि त्या बेटांसकट एका पेशीतून दुसरीत जात राहतात. समुद्रातल्या व्हिब्रियो जिवाणूंवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळजवळ एकसारख्या वाणांना वेगवेगळे फेज बाधत होते, कारण फरक होता तो फक्त या फिरत्या राखणदारांचा.

कोकणच्या खाड्यांकाठी कोळंबीचे तलाव आहेत, त्यांना याचे थेट महत्त्व आहे. अंधारात चमकणारा व्हिब्रियो हार्वेयी बीज केंद्रातल्या टाक्यांत शिरला, तर कोळंबीची पिल्ले मोठ्या संख्येने मरतात, आणि प्रतिजैविके ओतत राहिले तर त्यांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी त्यावर फेज वापरून पाहिले आणि पिल्ले अधिक जगल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. ही वाट चांगली आहे असे माझे मत आहे, पण एकाच फेजवर भिस्त ठेवली तर ताटलीतल्या त्या स्वच्छ वर्तुळात उगवणारे ठिपके टाकीतही उगवणार. म्हणून वेगवेगळ्या दारांनी शिरणारे अनेक फेज एकत्र करून द्यावे लागतात, आणि ते निवडण्याआधी त्या खाडीतल्या व्हिब्रियोंकडे कोणकोणते राखणदार आहेत, हे त्यांचा डीएनए वाचून पाहावे लागते.